तीन मॉनिटर आणि पाच फुटांचे टेबल

इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या आमच्या घराच्या माडीवर बसून मी गेली सोळा वर्षे पुस्तकांची मांडणी, मुखपृष्ठे आणि लग्नपत्रिका करते. त्यांपैकी अकरा वर्षे एकाच संगणकावर आणि एकोणीस इंची एकाच मॉनिटरवर गेली. लेखकाने पाठवलेला मजकूर, पानाची मांडणी आणि मुद्रितशोधकाच्या खुणा या तिन्ही गोष्टी एकाच वेळी समोर हव्या असतात, आणि त्या मॉनिटरवर त्यांपैकी जेमतेम दीड मावत असे. २०२४ च्या पावसाळ्यात, एक स्मरणिका छपाईला जाण्याच्या आदल्या रात्री, हा संगणक तीन वेळा बंद पडला, तेव्हा त्याची सेवा संपली हे मी मान्य केले.

त्याच सुमारास माझ्या बहिणीचा मुलगा तन्मय बुऱ्हाणपूरहून अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी आमच्याकडे राहायला आला. त्याला ब्लेंडर हे त्रिमितीय चित्रांचे सॉफ्टवेअर शिकायचे होते, आणि गेम खेळायचे होते हे त्याने दुसऱ्या दिवशी सांगितले. आमचा करार असा ठरला की रात्री साडेनऊपर्यंत संगणक माझा आणि त्यानंतर त्याचा, एकूण खर्च नव्वद हजारांच्या आत, आणि त्यातले वीस हजार त्याने साठवलेल्या पैशांतून द्यायचे. भाग सुटे आणून जोडणी घरीच करायची, ही अट त्याची होती. मला ती पटली, कारण तयार संगणकाच्या किमतीत पॉवर सप्लाय आणि मदरबोर्ड कोणत्या दर्जाचे आहेत हे बहुधा सांगितले जात नाही, आणि अकरा वर्षांपूर्वी मी तसाच एक तयार संगणक घेतला होता.

यादी करायला बसलो आणि पितृपक्ष लागला. आईने स्पष्ट सांगितले की या पंधरवड्यात घरात नवी वस्तू येणार नाही. तन्मयचा चेहरा पडला, पण आज मागे वळून पाहता त्या पंधरा दिवसांनीच आमचे बरेचसे पैसे वाचवले असे मला वाटते. विकत काही घेता येत नव्हते, म्हणून आम्ही टेप घेऊन टेबल मोजायला सुरुवात केली.

टेबल चार फुटांचे, म्हणजे १२२ सेंटिमीटर होते. चोवीस इंची मॉनिटर कडेपासून कडेपर्यंत साधारण ५४ सेंटिमीटर रुंद असतो, म्हणजे असे तीन ओळीने ठेवायचे तर १६२ सेंटिमीटर हवेत. खोलीच्या खिडकीमुळे पाच फुटांपलीकडे टेबल वाढवणे शक्य नव्हते. त्यामुळे तीन सारखे मॉनिटर हा बेत पहिल्याच दिवशी मागे पडला आणि त्याच्या जागी चोवीस इंची दोन नवे आडवे व जुना एकोणीस इंची उभा करून उजव्या बाजूला, अशी रचना कागदावर आली. जुना मॉनिटर आडवा सुमारे एक्केचाळीस सेंटिमीटर जागा घेतो, पण उभा केला की सव्वीस-अठ्ठावीसमध्ये बसतो. शिवाय त्याच्या मागे दहा सेंटिमीटर अंतरावर चौकोनात पाडलेली चार भोके होती, म्हणजे तो स्टँडवरून काढून स्वतंत्र आर्मवर, म्हणजे हलत्या दांडीवर, बसवता येणार होता. गल्लीतल्या सुताराने जुन्या टेबलावर पाच फुटी प्लायवूडची नवी फळी बसवून दिली आणि मागच्या कडेला केबलींसाठी अर्धगोल खाच कापली. या सगळ्या प्रकरणात पहिल्या फटक्यात बिनचूक झालेले काम तेवढे एकच.

सत्तावीस इंची मॉनिटरचा मोह मलाही झाला होता. पण १९२० बाय १०८० चा चोवीस इंची मॉनिटर एका इंचात सुमारे ९२ पिक्सेल दाखवतो, आणि १४४० बाय ९०० चा माझा जुना एकोणीस इंची सुमारे ८९. हा फरक इतका किरकोळ आहे की एका मॉनिटरवरची पत्रिका ओढून दुसऱ्यावर नेली तरी ती जवळपास तेवढीच दिसते. सत्तावीस इंची, २५६० बाय १४४० च्या मॉनिटरवर हीच घनता १०९ च्या आसपास जाते, त्यामुळे शेजारच्या मॉनिटरवर जाताना अक्षरे एकदम फुगतात. दिवसभर खिडक्या इकडून तिकडे सरकवणाऱ्या माणसाला हे फार खटकते.

तन्मयची इच्छा गेम सगळ्या मॉनिटरवर पसरवून खेळण्याची होती. त्यावर आम्ही वहीत हिशेब मांडला. १९२० बाय १०८० चे तीन मॉनिटर म्हणजे सुमारे ६२ लाख पिक्सेल, तर एक फोर-के मॉनिटर म्हणजे सुमारे ८३ लाख. तीन मॉनिटरवर गेम पसरवायचा तर ग्राफिक्स कार्डाला एका मॉनिटरच्या तिप्पट पिक्सेल रंगवावे लागतात आणि आमच्या रकमेत येणारे कार्ड ते सुखाने करू शकले नसते. आमच्याकडे सारखे मॉनिटर दोनच असणार होते, आणि दोन मॉनिटरवर पसरवलेल्या गेमचा मध्यबिंदू, म्हणजे नेमकी नेम धरण्याची जागा, दोघांच्या मधल्या काळ्या पट्टीवर येते. गेम एकाच मॉनिटरवर आणि बाकीचे दोन इतर कामांसाठी, हे त्याने मग स्वतःच मान्य केले. यामुळे कार्डाची निवड बरीच सोपी झाली.

प्रोसेसरवर आम्ही फार वेळ घालवला नाही. एएमडीचा रायझेन ५ ५६०० हा सहा कोअर आणि बारा थ्रेडचा, ६५ वॅट वर्गातला प्रोसेसर त्या किमतीत चांगला होता, त्याच्यासोबत पंखा येत होता आणि त्याचा एएम४ सॉकेट, म्हणजे मदरबोर्डावरची प्रोसेसरची जागा, जुना झाल्यामुळे मदरबोर्ड व डीडीआर४ मेमरी दोन्ही स्वस्त मिळत होत्या. नवा सॉकेट घेतला असता तर पुढे प्रोसेसर बदलण्याची सोय राहिली असती हे खरे, पण अकरा वर्षांत मी एकदाही प्रोसेसर बदललेला नव्हता.

खरा वाद ग्राफिक्स कार्डावर झाला. दुकानात आणि मित्रांमध्ये चर्चा होते ती अमुक कार्ड गेममध्ये सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रे, देते याची. आम्हाला पहिला प्रश्न पडला तो कार्डाला मॉनिटर लावायच्या किती जागा आहेत हा. सर्वांत स्वस्त म्हणून सुचवले गेलेले रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी याच एका प्रश्नावर बाद झाले, कारण ते दोनच मॉनिटर चालवते. आरएक्स ६६०० चांगले होते आणि पाच-सहा हजारांनी स्वस्तही होते. पण ब्लेंडरमध्ये दृश्य रेंडर करताना, म्हणजे त्याचे अंतिम चित्र तयार करताना, त्याचा सगळा पसारा कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत मावला तर काम वेगाने होते, नाहीतर रडतखडत चालते किंवा बंदच पडते. त्या कार्डाची मेमरी ८ जीबी होती, तर एनव्हीडियाच्या आरटीएक्स ३०६० ची १२ जीबी. ब्लेंडरच्या सायकल्स या रेंडर करणाऱ्या भागासाठी एनव्हीडियाचे ऑप्टिक्स तंत्र अधिक वेगाने चालते हाही मुद्दा होता. नवे आरटीएक्स ४०६० विजेला हलके आणि गेममध्ये सरस होते, मात्र त्याची मेमरी पुन्हा ८ जीबी. गेमसाठी तन्मयचे मत ४०६० ला आणि ब्लेंडरसाठी त्याचेच मत ३०६० ला, अशा पेचात तो दोन दिवस होता. शेवटी १२ जीबीचे ३०६० ठरले. त्याच्या मागे एक एचडीएमआय आणि तीन डिस्प्लेपोर्ट अशा चार जागा होत्या, आणि चार जागा म्हणजे तीन मॉनिटरांची चिंता मिटली असे आम्ही समजून चाललो.

घटस्थापना झाली आणि आम्ही खरेदीला निघालो. आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये दोन संध्याकाळी फिरलो, भाव काढले आणि काही भाग तिथून, काही ऑनलाइन असे घेतले. एकदा सगळ्यांची बेरीज वहीत लिहिली ती अशी: प्रोसेसर ११,५००, बी५५० मदरबोर्ड ९,०००, मेमरी ३२ जीबी ६,०००, ग्राफिक्स कार्ड २५,५००, एक टीबीची एनव्हीएमई एसएसडी ५,५००, पॉवर सप्लाय ४,२००, कॅबिनेट ३,५००, म्हणजे ६५,२००. चोवीस इंची, १०० हर्ट्झचे (सेकंदाला शंभर वेळा चित्र बदलणारे), आयपीएस पॅनेलचे दोन मॉनिटर १८,०००. कीबोर्ड, माउस आणि बॅकअपची हार्ड डिस्क जुनीच. भांडवल नव्वद हजारांचे होते, म्हणजे हातात सहा-सात हजार उरत होते आणि आम्ही दोघे स्वतःवर खूश होतो.

एका दुकानात (नाव लिहीत नाही) ठरलेल्या ५५० वॅटच्या, ८० प्लस ब्राँझ या कार्यक्षमतेच्या शिक्क्याच्या पॉवर सप्लायऐवजी दुसराच डबा पिशवीत घातला गेला. त्यावर वॅटचा आकडा मोठा होता आणि ८० प्लसचा शिक्का मात्र कुठेच नव्हता. मी विचारल्यावर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “मैडम, ये तो उससे भी पावरफुल है.” आम्ही तो परत करून ठरलेलाच घेतला. डबा फोडण्याआधी अंगावरचा कागद वाचायची सवय मला मुद्रितशोधनाने लावली आहे. पक्के बिल मागितल्यावरही थोडी कुरबुर झाली. परंतु तीन-तीन वर्षांच्या वॉरंटीचा आधार असतो तो बिलाचा, त्यामुळे १८ टक्के जीएसटीसह बिल घेतल्याशिवाय आम्ही काउंटर सोडला नाही.

जोडणी खंडेनवमीच्या सकाळी केली. आईने स्क्रू ड्रायव्हर, माझी कात्री, कटर आणि पोलादी पट्टी पाटावर मांडून हळदकुंकू वाहिले, मदरबोर्डाच्या बंद डब्यावर झेंडूचे फूल ठेवले, आणि मगच आम्हाला हात लावू दिला. डबा बंद होता हे बरे झाले, कारण ओले कुंकू मदरबोर्डावर पडले असते तर वॉरंटीच्या अर्जात काय लिहायचे हा प्रश्नच होता.

प्रोसेसर बसवणे सोपे आहे आणि तरीही छातीत धडधड होते. एएम४ प्रोसेसरच्या पोटाला तेराशेहून अधिक बारीक पिना असतात. त्याच्या एका कोपऱ्यावर छोटा सोनेरी त्रिकोण असतो, तसाच सॉकेटवर असतो. सॉकेटची बारीक दांडी वर उचलायची, त्रिकोणावर त्रिकोण आणायचा आणि प्रोसेसर नुसता ठेवायचा. तो आपल्या वजनानेच खाली बसतो. दाबावे लागले तर काहीतरी चुकले आहे असे समजून थांबायचे. तन्मयने श्वास रोखून तो ठेवला, किंचित हलवून पाहिला आणि दांडी खाली केली.

अडलो ते पंख्यापाशी. या प्रोसेसरसोबत येणारा पंखा चार स्प्रिंगच्या स्क्रूंनी बसतो, आणि त्यासाठी मदरबोर्डावर आधीच लावलेल्या प्लॅस्टिकच्या दोन पट्ट्या काढाव्या लागतात. पट्ट्यांचे स्क्रू सोडवले की त्यांनी धरून ठेवलेली मागची धातूची पट्टी खाली गळून पडते. आमची पडली, आणि आम्हाला वाटले की बोर्डच तुटला. नंतर मी एका हाताने मागची पट्टी बोर्डाला दाबून धरली आणि तन्मयने समोरून स्क्रू घातले: आधी एक, मग त्याच्या तिरप्या समोरचा, प्रत्येक वेळी थोडाथोडा पीळ देत. एक बाजू पूर्ण आवळून मग दुसरीकडे गेलो असतो तर पंख्याच्या बुडाला आधीच लावलेला उष्णतावाहक लेप एकीकडे सरकला असता. मेमरीच्या दोन पट्ट्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत घातल्या, म्हणजे दोन्ही वाहिन्या वापरल्या जातात. एसएसडीचा स्क्रू मात्र तिळाएवढा असतो. तो माझ्या हातून फरशीवर पडला आणि अर्ध्या तासाने आईच्या चटईखाली सापडला.

कॅबिनेटमध्ये बोर्ड बसवल्यावर लक्षात आले की मागच्या खिडकीत बसवायची पत्र्याची चौकट डब्यातच राहिली आहे. नऊ स्क्रू काढले, चौकट बसवली, नऊ स्क्रू पुन्हा लावले. प्रोसेसरला वीज देणारी आठ पिनांची वायर बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात लागते आणि बोर्ड आत गेल्यावर तिथे बोट पोहोचत नाही. म्हणून दुसऱ्या वेळेस बोर्ड पक्का करण्याआधीच ती वायर वरच्या भोकातून ओढून घेतली.

संध्याकाळी पाचला बटण दाबले. पंखे फिरले, दिवे लागले, मॉनिटरवर मात्र ‘सिग्नल नाही’ एवढेच. तन्मयने मेमरी काढून पुन्हा बसवली, कार्ड काढून पुन्हा बसवले. पाऊण तासानंतर मी कॅबिनेटच्या मागे टॉर्च धरला, तेव्हा एचडीएमआयची केबल मदरबोर्डाच्या जागेत खोचलेली दिसली. बोर्डावर ती जागा असते ती अंगभूत ग्राफिक्स असलेल्या प्रोसेसरसाठी. ५६०० मध्ये ते नाही, त्यामुळे तिथून काहीच बाहेर येत नाही. केबल चार बोटे खाली, कार्डाच्या जागेत लावली आणि चित्र उमटले. “मावशी, हे कोणाला सांगू नकोस,” असे तो म्हणाला होता.

पुढचे चार दिवस गेले ते याच चार बोटांच्या जागेत. नव्या दोन्ही मॉनिटरना एचडीएमआय आणि व्हीजीए अशा दोनच जागा होत्या, आणि कार्डावर एचडीएमआय एकच. दुसऱ्या मॉनिटरसाठी डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआय काढणारे अडॅप्टर आणावे लागले. बाजारातले सगळ्यांत स्वस्त, दोनशे रुपयांचे आणले. ते चालले, पण पहिला मॉनिटर १०० हर्ट्झवर आणि दुसरा कितीही खटपट केली तरी ६० वर. माउसचा बाण एका मॉनिटरवर लोण्यासारखा सरके आणि दुसऱ्यावर गेला की अडखळत चाले. कारण कळायला एक दिवस लागला: साध्या, जुन्या प्रकारच्या अडॅप्टरांना १६५ मेगाहर्ट्झच्या पिक्सेल घड्याळाची, म्हणजे सेकंदाला किती पिक्सेल पाठवता येतात याची, मर्यादा असते. १०८० रेषांचे चित्र सेकंदाला साठ वेळा पाठवायला १४८.५ मेगाहर्ट्झ पुरतात, शंभर वेळा पाठवायचे तर त्यापेक्षा कितीतरी जास्त लागतात. एचडीएमआय २.० चे अडॅप्टर नऊशे रुपयांना मिळाले आणि दोन्ही मॉनिटर शंभरावर आले. पहिल्या मॉनिटरबाबतही विंडोजने आपणहून १०० हर्ट्झ लावले नव्हते; डिस्प्लेच्या प्रगत सेटिंगमध्ये जाऊन ते निवडावे लागले. मेमरीचेही तेच. ३२०० ची घेतली होती, टास्क मॅनेजर दाखवत होता २४००. बायॉसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, एक्सएमपी ही मेमरीच्या वेगाची सोय चालू केल्यावर ती पूर्ण वेगाने धावू लागली.

जुन्या एकोणीस इंचीला फक्त व्हीजीए होते. पूर्वीच्या ग्राफिक्स कार्डांवर डीव्हीआयच्या जागेतून व्हीजीएचा ॲनालॉग संकेतही बाहेर पडे, त्यामुळे पाचपन्नास रुपयांचा जोड लावून भागत असे. आताच्या कार्डांतून तो संकेत निघतच नाही. डिजिटलचे ॲनालॉग करणारी छोटी चिप असलेला परिवर्तक घ्यावा लागतो, तो आणखी पाचशेचा. उरलेल्या सहा-सात हजारांना इथूनच गळती लागली.

तिसऱ्या दिवशी मी अनवाणी पायांनी कॅबिनेटच्या मागे हात घातला आणि बोटांना मुंग्या आल्यासारखे झाले. तन्मय म्हणाला भास असेल. मी टेस्टर आणून कॅबिनेटच्या स्क्रूला टेकवला, तर तो लाल पेटला. संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये विजेचा गोंगाट गाळण्यासाठी दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोहोंना बाहेरच्या धातूशी जोडून असतात, आणि त्यांच्यातून झिरपणारी अगदी थोडी वीज अर्थिंगच्या तारेतून निघून जावी असे गृहीत धरलेले असते. अर्थिंग नसेल तर सगळे कॅबिनेट मुख्य विजेच्या साधारण निम्म्या दाबावर तरंगत राहते. झिरपणारी वीज इतकी कमी असते की माणसाला नुसती झिणझिणी जाणवते, पण वीज चालू असताना एचडीएमआयची केबल काढताना-घालताना हाच दाब मॉनिटरची किंवा कार्डाची जागा जाळू शकतो. आमचे घर जुने. प्लग तीन पिनांचा, भिंतीतला सॉकेट तीन भोकांचा, आणि वरच्या जाड भोकामागे तारच नव्हती. वीजतंत्र्याने सॉकेट उघडून मला दाखवले आणि म्हणाला, “मैडम, ये तो सिर्फ दिखाने का था.” त्याने मीटरजवळच्या अर्थिंगपासून हिरवी तार माडीपर्यंत ओढली, नऊशे रुपये घेतले, आणि टेस्टर विझला. अकरा वर्षे जुना संगणकही याच सॉकेटवर चालला होता. त्याचे तीन यूएसबी पोर्ट का जळाले असावेत, याचा अंदाज मला तेव्हा आला.

यूपीएसही जुनाच वापरायचे ठरले होते: ६०० व्हीए, म्हणजे प्रत्यक्षात ३६० वॅट. दिवसा माझ्या कामात त्याने काही तक्रार केली नाही. रात्री तन्मयचा गेम सुरू झाला की दहा मिनिटांत तो किंचाळू लागे आणि एकदा तर सगळेच बंद करून मोकळा झाला. पुन्हा वही काढली. ग्राफिक्स कार्ड १७० वॅट, प्रोसेसर भर कामात ७६, बोर्ड, मेमरी, एसएसडी आणि पंखे मिळून चाळीस धरले, की २८६. पॉवर सप्लाय यातही पंधरा टक्के उष्णतेत घालवतो, म्हणजे भिंतीतून ओढले जातात ते साधारण ३३५. त्यावर तीन मॉनिटरचे साठ. जवळजवळ चारशे वॅटचा भार ३६० च्या यूपीएसवर टाकून आम्ही त्यालाच दोष देत होतो. ११०० व्हीए, ६६० वॅटचा नवा यूपीएस साडेपाच हजारांना आला. तारा, अडॅप्टर, सुतार, वीजतंत्री सगळे धरून शेवटची बेरीज ९३,४०० वर गेली. वरचे ३,४०० कोणी द्यायचे यावर आमच्यात अजून एकमत झालेले नाही.

आता रंगांविषयी, कारण माझे पोट त्यावर आहे. लग्नपत्रिकेतल्या कुंकवाच्या लालाला छपाईच्या धंद्यात ‘शंभर-शंभर’ म्हणतात, म्हणजे मॅजेंटा शंभर टक्के आणि यलो शंभर टक्के. माझ्या जुन्या मॉनिटरवर तो नेहमी जरा शेंदराकडे झुकलेला दिसे आणि मी मनातल्या मनात दुरुस्ती करून पुढे जात असे. नवे दोन मॉनिटर एकाच कंपनीचे, एकाच दिवशी आणलेले. एकच पत्रिका दोघांवर अर्धी-अर्धी पसरवली, तर डाव्या अर्ध्यात कुंकू आणि उजव्या अर्ध्यात डाळिंब. उजव्यावरचा पांढराही किंचित निळसर होता. कारखान्यातून मॉनिटर असेच थोड्याफार फरकाने बाहेर पडतात, आणि एकेक मॉनिटर वापरणाऱ्याला ते कधी कळतही नाही. शेजारी शेजारी ठेवले की लपत नाही.

ओळखीच्या मुद्रकाकडे रंग मोजणारे कॅलिब्रेटर होते, ते दोन दिवसांसाठी मागून आणले. त्याने पांढऱ्याचे तापमान ६५०० केल्व्हिन, गॅमा २.२ आणि प्रकाश १२० निट्सवर आणायला सांगितले. हे आकडे गाठण्यासाठी मॉनिटरची ब्राइटनेस शंभरावरून तिशीत आणावी लागली, तेव्हा तन्मयला वाटले की मॉनिटर बिघडला. प्रत्येक मॉनिटरचे स्वतंत्र प्रोफाइल तयार करून विंडोजमध्ये लावल्यावर दोन्ही अर्धे एका पत्रिकेचे दिसू लागले, अगदी शंभर टक्के नव्हे, पण गिऱ्हाइकाला दाखवण्याइतके. मॉनिटरवरचा निव्वळ भडक लाल शाईने कागदावर उतरतच नाही, हे कोणतेही यंत्र बदलू शकत नाही. म्हणून शंभर-शंभरची एक छापील पट्टी मी डाव्या मॉनिटरच्या कडेला कायमची चिकटवून ठेवली आहे.

उभ्या केलेल्या एकोणीस इंचीने वेगळाच प्रकार दाखवला. तो टीएन पॅनेलचा आहे, आणि टीएन पॅनेल वरून-खालून पाहिले की रंग बदलते. आडवे असताना आपण ते डोळ्यांच्या रेषेत ठेवतो, त्यामुळे फारसे जाणवत नाही. उभे केले की वर-खाली असते ते डावे-उजवे होते, आणि मग डाव्या डोळ्याला पान करडे व उजव्याला पिवळट दिसते. पहिल्या दिवशी माझे डोके दुखले. रंगाच्या कामाला तो निरुपयोगी आहेच, पण मजकुरासाठी मी त्याची पार्श्वभूमी फिकट करडी केली आणि आर्म थोडा माझ्याकडे वळवला, तेव्हा डेमी आकाराचे पुस्तकाचे अख्खे पान, मथळ्यापासून पानक्रमांकापर्यंत, न सरकवता एका दृष्टीत दिसू लागले. मुद्रितशोधनाच्या खुणा आता तिथे असतात आणि मधल्या मॉनिटरवर मांडणी. पूर्वी दीडशे पानांच्या पुस्तकातल्या दुरुस्त्या घालायला मला तीन दिवस लागत, आता दोन पुरतात.

तन्मयच्या ब्लेंडरचा उपयोग मलाही झाला. प्रकाशकांना मुखपृष्ठ सपाट न पाठवता टेबलावर ठेवलेल्या पुस्तकासारखे दाखवले की पसंती लवकर मिळते, आणि तसे एक चित्र जुन्या संगणकावर पाऊण तास घेई. आता चहा गाळून होईपर्यंत ते तयार असते. मे महिन्यात, इंदूरचा पारा चाळिशीपलीकडे गेलेला असताना, दुपारी माडीवर रेंडर लावणे मात्र मी बंद केले. ते काम रात्री होते. माळव्याच्या थंड रात्रींची ख्याती निदान ग्राफिक्स कार्डाच्या तरी कामी येते.

एक गोष्ट अजून रोज करावी लागते. दोन मॉनिटर १०० हर्ट्झवर आणि एक ६० वर असला की आमच्या कार्डाची मेमरी काहीच काम नसतानाही वेगातच राहते, कार्ड कोमट होते आणि थोड्या थोड्या वेळाने त्याचे पंखे घरघरतात. तिन्ही ६० वर आणले की ती शांत होते. मजकूर वाचताना मला साठ आणि शंभर यांत फरक पडत नाही, घरघरीने मात्र पडतो. त्यामुळे सकाळी मी सगळे साठावर आणते, ब्राइटनेस तिशीवर नेते. रात्री साडेनऊला तन्मय पहिले दोन शंभरावर नेतो आणि ब्राइटनेसही वाढवतो. कधी कधी तो परत खाली आणायला विसरतो. मागच्याच आठवड्यात सकाळी घाईघाईत बसून मी एका पत्रिकेचा लाल दोन छटांनी गडद केला होता, आणि तो छपाईला धाडण्याआधी मॉनिटरच्या कडेला चिकटवलेल्या पट्टीकडे सहज लक्ष गेले.